जुनी बालपुस्तके पुन्हा छापताना

मंडळी, लोणार तालुक्यातले बीबी हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांनी एस.टी.च्या खिडकीतून तरी पाहिलेले असेल. मेहकरहून सिंदखेडराजाला जाताना ते वाटेवर लागते. जूनच्या अखेरीस आपल्या विदर्भातल्या शाळा उघडल्या, की बीबीत काय किंवा तशा दुसऱ्या कोणत्याही गावात काय, दुकानदार वह्या-पेन्सिलींच्या पुढे एक पातळसे पुस्तक मांडून ठेवतो. त्याचे नाव अंकलिपी. कोणी त्याला उजळणीही म्हणतात. मुळाक्षरे, बाराखडी, आकडे, पाढे, वारांची नि महिन्यांची नावे, एवढाच त्याचा ऐवज. ते कोणी लिहिले हे कोणी विचारीत नाही, हार-तुरे घालून त्याचे प्रकाशन होत नाही, की वर्तमानपत्रात त्यावर कोणी परीक्षण लिहीत नाही. तरीपण मराठी मुलांच्या हाती पडलेल्या पुस्तकांपैकी सगळ्यांत जास्त वेळा पुन्हा छापले गेलेले पुस्तक बहुधा हेच असावे.

आता गंमत बघा. आजोबांची उजळणी आणि नातवाची अंकलिपी एक नाही. गावात पंच्याहत्तरी-ऐंशी ओलांडलेले जे कोणी असतील, त्यांना विचारा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सारे त्यांना संध्याकाळच्या परवच्यात म्हणावे लागे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, बरं का. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते, तोवर बाजारात या पाढ्यांवाचून चालत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि हळूहळू हे पाढे उजळणीतून गळाले. कोणी बंदी घातली नाही. गरज सरली, पाने कमी झाली.

समजा, उद्या एखाद्या प्रकाशकाने ती जुनी उजळणी जशीच्या तशी छापली. कोण घेईल ती? आजोबा घेतील. पाने चाळतील, दोन पाढे म्हणून दाखवतील, डोळ्यांत पाणीही येईल. नातू काय करील? थोडा वेळ ऐकेल आणि खेळायला पळेल. जुन्या बालपुस्तकांच्या पुनर्मुद्रणाचा सगळा प्रश्न एवढ्यात येऊन गेला. पुस्तक लहान मुलांचे, पण पैसे मोजणारा मोठा माणूस, आणि तो पैसे मोजतो ते पुष्कळदा स्वतःच्या लहानपणासाठी. विद्वान लोक या ओढीला स्मरणरंजन म्हणतात. शब्द भारदस्त आहे; गोष्ट आपल्या ओळखीचीच आहे.

ही ओढ वाईट, असे मी म्हणत नाही. ती नसती तर कितीतरी चांगली पुस्तके रद्दीत गेली असती. पण ती ओढ कोणाची असते आणि तिच्या पोटी कोणती पुस्तके वाचतात, कोणती बुडतात, हे खेड्यातल्या माणसाने एकदा नीट पाहायला हवे. कारण तो हिशेब आपल्या फायद्याचा झालेला नाही.

थोडे मागे जाऊ. मराठीत मुलांसाठी छापलेले पुस्तक दोनशे वर्षांहून जुने आहे. पहिले प्रयत्न तर महाराष्ट्राबाहेर, दूर तंजावरला झाले. तिथले सरफोजीराजे भोसले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वतःच्या छापखान्यात इसापाच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. मग मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ च्या सुमारास ‘इसपनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके दिली. ‘बाळमित्र’ मूळचे फ्रेंच, तिथून ते इंग्रजीत गेले आणि इंग्रजीतून मराठीत आले. पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली शाळांची क्रमिक पुस्तके झाली. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक काढले आणि जवळजवळ एकहाती, १९१४ साली मरण येईपर्यंत चालवले. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी पुण्यात ‘आनंद’ सुरू केले. यांतले मासिक पुण्या-मुंबईबाहेर पोहोचायचे ते टपालाने. म्हणजे ज्या गावी पोस्ट, आणि त्या गावी वर्गणी भरण्याइतका पैसा ज्या घरी, तिथेच मूल ‘आनंद’ची वाट पाहणार. बाकीच्यांना त्याचे नावही माहीत असण्याचे कारण नव्हते.

आता एका पुस्तकाची हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण ते तुम्ही सर्वांनी ऐकले आहे. ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिले, आणि १९३५ मध्ये ते छापून निघाले. बेचाळीस रात्रींत सांगितलेल्या गोष्टी. पुणे विद्यार्थी गृहाने ते वर्षानुवर्षे छापले. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्याचा बोलपट केला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक पहिल्या वर्षी मिळाले ते त्यालाच. या पुस्तकाला स्मरणरंजनाची गरज कधी पडलीच नाही, कारण ते बाजारातून कधी नाहीसे झाले नाही. ते बक्षीस म्हणून दिले गेले, परिपाठात वाचले गेले. ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नाही अशा घरातही ते शिरले. कथामालेच्या कार्यकर्त्यांनी तर ते तोंडातोंडी नेले, म्हणजे वाचता न येणाऱ्या आईलाही श्यामची आई ठाऊक झाली.

पण याच पुस्तकाने एक दुसरी गोष्टही दाखवून दिली. आपल्याकडच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क वारसांकडे किंवा ज्याने तो विकत घेतला असेल त्याच्याकडे राहत असे. रवींद्रनाथांच्या पुस्तकांची मुदत संपत आली तेव्हा, १९९२ मध्ये, ती साठ वर्षांची करण्यात आली. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. साठ वर्षे धरून त्यांच्या लेखनावरचा हक्क २०१० च्या अखेरीस संपला. तेव्हापासून ‘श्यामची आई’ कोणीही छापावी. आणि छापलीही! जाड छापली, पातळ छापली, रंगीत मुखपृष्ठाची छापली, संक्षिप्त छापली. यांतल्या काही आवृत्त्या चांगल्या आहेत, स्वस्तही आहेत, त्याचा आनंदच मानायचा. पण संक्षिप्त म्हणजे किती संक्षिप्त, कोणी कापले, काय कापले, हे पुस्तकावर लिहिलेले नसते तेव्हा शिक्षकाने हात आखडता घ्यावा. बेचाळीस रात्री मोजायला दोन मिनिटे लागतात. अनुक्रमणिका उघडा आणि मोजा.

हाच कायदा ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’लाही लागू. ताम्हनकर १९६१ च्या जानेवारीत गेले. म्हणजे त्यांचा ‘गोट्या’ आणि त्यांची ‘चिंगी’ २०२२ पासून सगळ्यांची झाली. गोट्यावर दूरदर्शनने मालिका केली होती, ती पाहिलेली पिढी आता पन्नाशीच्या आसपास आहे. भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’चेही तसेच. हा बनेश फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. भागवत २००१ मध्ये गेले, २०१७ मध्ये फेण्यावर नवा चित्रपट निघाला आणि त्या निमित्ताने त्याच्या जुन्या पुस्तकांची पुन्हा विचारपूस झाली. भागवतांनी मुलांसाठी मासिकही चालवले होते. त्याचे नाव ‘बालमित्र’, छत्र्यांच्या पुस्तकाशी जुळणारे. असे नाव सव्वाशे वर्षांनी पुन्हा वर येते, याचेच मला कौतुक वाटते.

बरे, जुने पुस्तक पुन्हा छापणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे? पूर्वी छापखान्यात खिळे जुळवून पान तयार करीत. फॉर्म छापून झाला, की खिळे सोडवून पुन्हा खणांत टाकायचे, कारण पुढच्या कामाला तेच खिळे लागत. म्हणून दुसरी आवृत्ती काढायची तर सगळे पुस्तक नव्याने जुळवावे लागे. नव्याने जुळवले म्हणजे नव्या चुका आल्या. चित्रांचे जस्ताचे ठसे मात्र जपून ठेवीत. पण ते झिजत, हरवत, छापखाना बंद पडला तर भंगारात जात. म्हणून पुष्कळ पुस्तकांच्या पुढच्या आवृत्त्यांत जुनी चित्रे दिसत नाहीत, किंवा काळ्या डागांसारखी दिसतात. आजोबा म्हणतात, “हे ते पुस्तक नव्हे.” मजकूर अक्षरशः तोच असतो, पण आजोबांच्या मनात चित्र असते! आता जुन्या पानाचा फोटो घेऊन तसेच्या तसे छापता येते आणि थोड्या प्रतीही काढता येतात. छपाई सोपी झाली, हे खरे.

मात्र तसेच्या तसे छापण्यात मराठीपुरती एक मेख आहे, आणि ती शिक्षक मंडळींनी ध्यानात ठेवावी. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम महाराष्ट्र सरकारने स्वीकारले. १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्याआधी आपण नांव, पांच, कांहीं, केव्हां असे अनुस्वार देऊन लिहीत होतो. उच्चारात नसलेले ते अनुस्वार या नियमांनी काढून टाकले. आता १९५० सालचे गोष्टीचे पुस्तक घ्या. त्यात ‘घरांत’ असा शब्द आहे. जुन्या रीतीने त्याचा अर्थ एका घरामध्ये. आजच्या चौथीतल्या मुलाला मात्र आपण शिकवतो की ‘घरात’ म्हणजे एका घरात आणि ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. म्हणजे वाघ एका घरात शिरला असेल तर मुलाला वाटणार, वाघ सगळ्या आळीत फिरून आला! उलट, एखादा उतावळा छापखानदार सगळेच अनुस्वार पुसून मोकळा होतो. मग ‘मुलांनी’चे ‘मुलानी’ होते, आणि तेही चूकच. जुने पुस्तक मुलांसाठी काढायचे तर नव्या नियमांनी, मराठी नीट जाणणाऱ्या माणसाकडून शुद्ध करून काढावे. आजोबांसाठी काढायचे तर जसे होते तसे काढावे. दोन्ही एकाच पुस्तकात साधत नाही, आणि प्रकाशक ते साधल्याचे सांगतो तेव्हा मला शंका येते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. वर सांगितलेली सगळी पुस्तके ज्या लहानपणाची आठवण सांगतात, ते लहानपण बहुतेक वेळा पुण्या-मुंबईचे, नाही तर नागपूर-अमरावतीसारख्या शहराचे. बीबीच्या किंवा लोणारच्या मुलाकडे १९५५ साली कोणते पुस्तक होते? शाळेचे. तेही पुष्कळदा थोरल्या भावाचे, त्याच्या आधी चुलतभावाचे, कोपरे वळलेले, वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले. त्याच्या आठवणीतले पुस्तक म्हणजे त्याचे वाचनपुस्तक. आणि क्रमिक पुस्तक ही अशी चीज आहे की अभ्यासक्रम बदलला की ते कोणी पुन्हा छापीत नाही.

त्यातून आपला वऱ्हाड. बुलढाणा जिल्हा ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबरपासून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. साडेतीन वर्षांत तीन राज्ये! लोणारच्या पलीकडे मंठ्याकडे जा, तिथे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा अंमल आणि सरकारदरबारी उर्दू. एका दिवसाच्या बैलगाडीच्या अंतरावर, एकच मराठी बोलणारी दोन मुले दोन राज्यांच्या शाळांत शिकत होती. पुण्याच्या मुलांना अत्र्यांची ‘नवयुग वाचनमाला’ आठवते, तिच्यावर लेख येतात, गप्पा होतात. वऱ्हाडातल्या मुलाने त्याच काळात काय वाचले, त्याच्या पुस्तकाची जिल्द कसली होती, यावर कोणी गप्पा मारीत नाही, कारण ती आठवण असलेली माणसे विखुरलेली आहेत आणि लिहिणारी थोडी आहेत.

क्रमिक पुस्तकांतल्या कवितांना मात्र एकदा चांगला वाली भेटला. ‘आठवणीतल्या कविता’ या नावाने जुन्या पाठ्यपुस्तकांतल्या कविता चार भागांत एकत्र छापण्यात आल्या. वर्गात सूर धरून म्हटलेल्या, अर्ध्या विसरलेल्या कविता मोठी माणसे त्यांत शोधू लागली. मराठीत शुद्ध स्मरणाच्या बळावर निघालेले आणि यशस्वी झालेले पुस्तक म्हणून याचा दाखला द्यायला हवा. ते मी चांगले काम समजतो. पण बघा, त्यात कविता आल्या. गद्य धडे राहिले. शेतीचे, आरोग्याचे, पोस्टात मनिऑर्डर कशी करावी याचे जे धडे खेड्यातल्या मुलाने वाचले आणि वापरलेही, ते कोणी सूर लावून म्हणत नव्हते, म्हणून ते आठवणीत राहिले नाहीत आणि पुन्हा छापलेही गेले नाहीत.

२७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले, आपण त्याला बालभारती म्हणतो, आणि सबंध महाराष्ट्राच्या मुलांचे मराठीचे पुस्तक एक झाले. सिंदखेडराजाचा मुलगा आणि सावंतवाडीची मुलगी एकच धडा वाचू लागली. म्हणून पुढच्या पिढीची आठवण सामाईक आहे. याच मंडळाने नोव्हेंबर १९७१ पासून ‘किशोर’ मासिक चालवले. त्याचे मोल खेड्यांनी पुरते ओळखलेले नाही, असे मी स्पष्ट म्हणेन. मोठमोठ्या लेखकांनी त्यात मुलांसाठी लिहिले, नामवंत चित्रकारांनी चित्रे काढली, आणि किंमत सरकारी, म्हणजे झेपणारी. ‘निवडक किशोर’चे खंड निघाले आहेत, आणि पहिल्या अंकापासूनचे जुने अंक मंडळाने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. हेही पुनर्मुद्रणच, फक्त कागदावाचूनचे. शाळेत संगणक किंवा मास्तरांच्या खिशात फोन असला की १९७२ सालचा अंक बीबीच्या वर्गात उघडतो. या कामाला कोणाच्या स्मरणरंजनाची परवानगी लागली नाही.

आणि चांदोबा! त्याचे नाव घेतले नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. मद्रासच्या नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक काढले. मराठीत ते १९५२ पासून येऊ लागले. खेड्यातल्या मुलाच्या हाती शाळेबाहेरचे जे पहिले रंगीत पान पडले, ते पुष्कळदा चांदोबाचे. कोणी पाहुणा एस.टी. स्टँडवरून एक अंक आणायचा, मग तो सगळ्या आळीत फिरायचा, शेवटी मुखपृष्ठ जाऊन विक्रम-वेताळापुरता उरायचा. खांद्यावर प्रेत घेतलेला, हाती तलवार धरलेला तो राजा शंकर नावाच्या चित्रकाराने काढला. ते २०२० मध्ये गेले. मासिक २००७ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि २०१३ मध्ये थांबले. आज मराठी चांदोबाचे जुने बांधीव खंड रद्दीवाल्याकडे मिळाले तर लोक धावून घेतात, मिळेल त्या भावाने. मालकी कोणाची, छापायचा हक्क कोणाचा, असल्या गुंत्यात जे अडकते ते आठवण कितीही तीव्र असली तरी छापले जात नाही. त्या मासिकाला साठ वर्षे वाचणारी माणसे होती, पण त्याला सांभाळणारे दप्तर राहिले नाही.

परदेशातही असेच घडते. मॉस्कोहून मराठीत छापून येणारी मुलांची पुस्तके काहींना आठवत असतील. गुळगुळीत कागद, मोठी चित्रे, आणि किंमत नावापुरती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि ती येणे बंद झाले. झरा आटला, म्हणूनच त्यांची ओढ जास्त. पुण्याच्या अरविंद गुप्ता यांनी, ज्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, अशी पुष्कळ जुनी पुस्तके पाने टिपून सर्वांसाठी मोकळी करून ठेवली आहेत.

इंग्लंडातली एक बातमीही इथे सांगण्याजोगी आहे. २०२३ मध्ये रोआल्ड डाल या प्रसिद्ध बाललेखकाच्या पुस्तकांतले काही शब्द प्रकाशकाने बदलले. कोणाला जाड म्हटलेले, कोणाला कुरूप म्हटलेले. त्यावर एवढा गहजब झाला की जुनी पुस्तके जशीच्या तशीही छापत राहू, असे प्रकाशकाला जाहीर करावे लागले. आपल्याला ही भानगड लांबची वाटेल. ती लांबची नाही. आपल्या जुन्या गोष्टींत चोर पुष्कळदा जमातीच्या नावानेच ओळखला जाई. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदाच करून काही जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण गोष्टीच्या पुस्तकातला चोर रद्द झाला नाही. आज आपल्या जिल्ह्यात पारध्याचे पोर शाळेत येते, पुढच्या बाकावर बसते. गुरुजी मोठ्या प्रेमाने स्वतःच्या लहानपणचे पुस्तक काढतात, गोष्ट रंगवून वाचतात, आणि चोराचे नाव येते तेव्हा सगळा वर्ग त्या पोराकडे वळून बघतो. गुरुजींची आठवण गोड होती. त्या पोराची आठवण त्या क्षणी तयार होते, आणि ती त्याला जन्मभर पुरेल. दुसऱ्या दिवशी ते शाळेत येईल की नाही, हे मला सांगता येणार नाही.

तेव्हा काय करावे? मूळ पुस्तकात गुपचूप फेरफार करणे मला पसंत नाही. अभ्यासकासाठी, ग्रंथालयासाठी ते जसे आहे तसे राहू द्या, पूर्वी आपण मुलांना काय सांगत होतो याचा तो पुरावा आहे. आणि वर्गासाठी? वर्गासाठी दुसरी गोष्ट घ्या. मराठीत गोष्टींचा तोटा नाही. बदलूनच छापायचे असेल तर कोणी बदलले, कधी बदलले, हे पहिल्या पानावर लिहावे; एवढे सौजन्य लेखकालाही मिळायला हवे आणि वाचकालाही.

आपल्या बुलढाण्याचीच एक हकीकत सांगतो. पुस्तक लहान मुलांचे नाही, पण पुनर्मुद्रण काय करू शकते ते त्यावरून कळते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे छोटे पुस्तक लिहिले. पुण्यात छापले, पाचशे प्रती. त्या काळी एका बाईने पुरुषांना एवढे खडसावून विचारावे हे लोकांना रुचले नाही. पुस्तक बाजूला पडले आणि नव्वदेक वर्षे जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हते. मग स. गं. मालशे यांना एक प्रत सापडली आणि त्यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापले. आज देश-परदेशातल्या विद्यापीठांत ते शिकवतात, इंग्रजीतही गेले आहे. या पुस्तकाची ओढ कोणाला होती? कोणालाच नाही. लहानपणी ते वाचले असे म्हणणारा एकही माणूस १९७५ साली नव्हता. स्मरणरंजनाच्या भरवशावर राहिले असते तर ते कायमचे गेले असते. एक प्रत राहिली आणि ती ओळखणारा माणूस भेटला, म्हणून वाचले.

म्हणून बाजारात येणाऱ्या सुबक पुनर्मुद्रणांचे कौतुक करतानाही माझे लक्ष दुसरीकडे जाते. ज्या आज्ज्या शाळेत गेल्याच नाहीत त्यांच्या लहानपणचे बालवाङ्मय कुठे आहे? चिमणी-कावळ्याची गोष्ट वऱ्हाडी बोलीत त्या कशी सांगत? भुलाबाईची गाणी एका गावात एक आणि दुसऱ्या गावात वेगळी. त्यांच्या पहिल्या आवृत्त्याच निघालेल्या नाहीत, तर पुनर्मुद्रण कशाचे करणार? एखाद्या मुलीने सातवी-आठवीत असताना आजीकडून गाणी उतरवून घेतलेली वही असते, ती लग्नानंतर माहेरीच राहते आणि दिवाळीच्या साफसफाईत जाते.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेत लोखंडी कपाट असेल. १९८७ नंतर खडू-फळा योजनेत आलेली पुस्तके त्यात पुष्कळ ठिकाणी अजून आहेत, मळतील म्हणून न काढलेली. ती आधी काढा. ती मुलांसाठीच आली होती. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारे वाचनालय तुमच्या गावात असेल, ड वर्गाचे का असेना, तर वर्षअखेरीच्या खरेदीत मुलांची पुस्तके कोणी निवडली ते विचारा. जुनी निवडायची तर आधी दोन पाने मुलांपुढे मोठ्याने वाचून बघा. मुले पुढे काय झाले विचारतात की खिडकीबाहेर बघतात, यावरून निर्णय करा.

आणि गावकरी मंडळी, तुम्हाला एक विनंती. माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या खाली पोथ्यांबरोबर एखादे वेळी जुने वाचनपुस्तक निघते. १९५६ च्या आधीचे, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शाळांत चालणारे असेल तर ते रद्दीत घालू नका. मुखपृष्ठ नसले तरी चालेल, वाळवीने कडा खाल्ली असली तरी चालेल. आतले पहिले पान शाबूत आहे का ते बघा. त्यावर इयत्ता, छापखाना, साल आणि आण्यांतली किंमत असते. उघडताना मधोमध दाबू नका, शिवण उसवते. ज्याचे ते पुस्तक होते तो माणूस हयात असेल तर कुठल्या शाळेत, कोणत्या साली ते वाचले हे त्याला विचारून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी आत ठेवा. डिंक लावू नका, नुसती ठेवा.